चढताना दोन सह्या, उतरताना एक

रॉकेट म्हटले की आपली नजर आपोआप वर जाते. ते किती उंच गेले, हे सर्वजण विचारतात. ते खाली कसे आले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. गेली दीड वर्षे माझ्या नातवाचा खटाटोप जवळून पाहिल्यावर माझ्या लक्षात आले की, लहान रॉकेटच्या कामातील निम्म्याहून अधिक श्रम आणि जवळजवळ सगळी काळजी त्याच्या सुखरूप उतरण्यापायी असते. बँकेत छत्तीस वर्षे कर्जखाती सांभाळलेल्या मला याचे फारसे नवल वाटले नाही. कर्ज मंजूर करणे एका दिवसाचे काम असते. वसुलीची व्यवस्था मात्र मंजुरीपूर्वीच बसवून ठेवावी लागते.

नातू म्हणजे माझ्या मुलीचा मुलगा. सोलापुरातच अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. त्याच्या घरची चाटी गल्लीत कापडाची घाऊक पेढी आहे, तीन पिढ्यांची. त्याने आणि त्याच्या चार मित्रांनी सुमारे तीन किलो वजनाचे, सहाशे मीटर उंच जाऊन पॅराशूटने परत येणारे रॉकेट बांधायचे ठरविले, तेव्हा आमच्या व्याह्यांनी पहिल्याच दिवशी विचारले, “या नळकांड्यातून निघणार काय?” प्रश्न रास्त होता. ज्या घरात प्रत्येक रुपयाला खाते असते, तेथे तो विचारला जायलाच हवा. मला जे उत्तर सापडले ते येथे मांडतो.

या छंदाचा उगम एका दुकानदाराकडे जातो, हे आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांना वाचून गंमत वाटेल. अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात नॉरफोक या गावी ऑर्व्हिल कार्लाइल यांचे पादत्राणांचे दुकान होते. त्यांना शोभेच्या दारूकामाची आवड, तर त्यांच्या भावाला विमानांच्या प्रतिकृतींची. १९५४ च्या सुमारास त्यांनी कागदी नळीचे आणि छत्रीने अलगद उतरणारे एक छोटे रॉकेट तयार केले. पुढे स्पुटनिकच्या काळात तिकडची मुले घरीच मसाला कुटून रॉकेटे उडवू लागली आणि त्यात काहींना गंभीर इजा झाल्या. तेव्हा जी. हॅरी स्टाइन या अभियंत्याने कार्लाइल यांची पद्धत पुढे नेली. मोटर कारखान्यातच तयार व्हावी. मुलांनी रॉकेटचा देह आणि त्याच्या उतरण्याची सोय करावी, हा तिचा पाया. आजही हा छंद त्याच नियमावर चालतो.

या मोटरींचे गट इंग्रजी अक्षरांनी ओळखले जातात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराला शक्तीची मर्यादा दुप्पट होते. ‘ए’ गटाची मर्यादा २.५ न्यूटन-सेकंद, ‘बी’ची ५, ‘सी’ची १०. ‘जी’च्या पुढे, म्हणजे १६० न्यूटन-सेकंदांच्या वर, ‘हाय पॉवर’ हा वर्ग सुरू होतो. आमच्या मुलांच्या रॉकेटची मोटर ‘आय’ गटातील होती. त्या गटाची मर्यादा ६४० न्यूटन-सेकंद. आठ वेळा दुप्पट झाले की २५६ पट होते, हे चक्रवाढ व्याज ठाऊक असलेल्यांना वेगळे सांगायला नको. अक्षरे नऊच, पण पहिले खेळणे आहे आणि नववे माणसाचा जीव घेऊ शकते.

‘हे आपल्या लोकांचे काम नव्हे’ असेही कोणी म्हणाले. त्यांना दोन नावांची आठवण करून द्यावी लागली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून भारतातील पहिले अग्निबाण-संशोधनाचे उड्डाण झाले. त्या कार्यक्रमाचे प्रवर्तक विक्रम साराभाई हे अहमदाबादच्या गिरणीमालक जैन कुटुंबातील. दुसरे नाव तर आपल्या गावचेच. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना उभारला. त्यांच्या नावाने वसलेल्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या घन इंधनाच्या मोटरींची पोलादी आवरणे तयार होतात. चांद्रयान-३ घेऊन गेलेल्या रॉकेटच्या बूस्टरांचे भागही तेथूनच गेले होते.

आता मुलांच्या कामाकडे वळू. मोटर त्यांनी बनविली नाही आणि बनवूही नये. आपल्याकडे स्फोटकांविषयीचा कायदा १८८४ पासूनचा आहे आणि त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे. परवान्याशिवाय घरी मसाला तयार करणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय जिवाशी खेळ आहे. म्हणून मोटर परवानाधारकाकडून, आयोजकांमार्फत, उड्डाणाच्या जागीच मिळते. जागेचेही तसेच. सोलापूरच्या आसपास मोकळे माळ पुष्कळ. पण नान्नजचा माळ हे माळढोकाचे अभयारण्य आहे आणि होटगी रस्त्याच्या बाजूला विमानतळ. पक्ष्यांच्या घरात आणि विमानांच्या वाटेवर रॉकेट उडविण्याचा विचारही मुलांनी केला नाही. अलीकडे इन-स्पेस आणि अॅस्ट्रॉनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया यांनी विद्यार्थ्यांसाठी अशा रॉकेटांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली असून ऑक्टोबर २०२५ मध्ये तिची उड्डाणे उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात झाली. असे अधिकृत मार्ग आता खुले होत आहेत. आमच्या मुलांनाही परराज्यातील एका परवानगीप्राप्त मैदानावर उड्डाणाची तारीख मिळाली.

तीन किलोची वस्तू सहाशे मीटरवरून छत्रीविना पडली, तर हवेचा अडथळा नसताना तिचा वेग जमिनीजवळ ताशी ३९० किलोमीटर होईल. रॉकेट निमुळते असल्याने हवेचा अडथळाही त्याला फारसा रोखत नाही. म्हणून पॅराशूट ही येथे सजावट नव्हे. मुलांनी हिशेब करून सव्वा मीटरच्या आतबाहेर व्यासाची छत्री ठरविली. तिने उतरताना वेग सेकंदाला पाच-सहा मीटर राहतो; दीड मीटर उंचीवरून वस्तू हातातून सुटावी तेवढाच तो आपट. या हिशेबात एक गोष्ट कापडवाल्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. वेग निम्मा करायचा तर कापड दुप्पट घेऊन भागत नाही, चौपट लागते.

छत्री शिवली ती पूर्व भागातील एका मावशींनी. शाळांचे गणवेश शिवण्यात त्यांचा हात बसलेला. कापड रिपस्टॉप नायलॉनचे होते. त्यात ठरावीक अंतरावर जाड धागा विणलेला असतो, त्यामुळे फाटले तरी चीर पसरत नाही. मुलांनी आठ कळ्या कापून आणल्या आणि दोऱ्या काठाला बांधायच्या असे सांगितले. मावशींनी कापड हातात घेऊन ताणून पाहिले आणि म्हणाल्या, “बाळांनो, काठाला बांधाल तर पहिल्या हिसक्याला काठ उसवेल. पट्टी शिवणीवरून पार या टोकापासून त्या टोकापर्यंत घ्या, म्हणजे ओढ पट्टीवर येईल, कापडावर नाही.” दुहेरी दुमड घालून त्यांनी प्रत्येक शिवणीवर दोन टिपा मारल्या. मुलांनी नंतर पुस्तक उघडले, तर तेथेही तेच लिहिले होते.

मोठी छत्री शिखरावरच उघडली तर दुसरी अडचण. सहाशे मीटरवरून सेकंदाला सहा मीटरने यायला शंभर सेकंद लागतात. वारा सेकंदाला पाच मीटर असला तर रॉकेट अर्धा किलोमीटर वाहत जाईल, मग ते विहिरीत पडो की विजेच्या तारांवर. म्हणून शिखरावर आधी एक छोटी छत्री उघडते, ती वेग वीस मीटरच्या आसपास ठेवते, आणि जमीन १५० मीटरवर आली की मोठी उघडते. या पद्धतीने सारा प्रवास पाऊण मिनिटात आटोपतो आणि वाहणे निम्म्यावर येते.

छत्री केव्हा उघडायची हे ठरविते एक लहानसे इलेक्ट्रॉनिक यंत्र, अल्टिमीटर. ते हवेचा दाब मोजते. आपल्या भागात साधारण नऊ मीटर वर गेले की दाब एक हेक्टोपास्कलने घटतो. रॉकेट चढत असताना दाब कमी कमी होत जातो. तो घटायचा थांबून वाढू लागला की शिखर आले असे यंत्र जाणते. परदेशात त्या क्षणी काळ्या दारूची चिमूट पेटवून छत्री बाहेर ढकलतात. मुलांनी कायदा लक्षात घेऊन दाबलेली स्प्रिंग वापरली. स्प्रिंगला नायलॉनच्या दोऱ्याने जखडलेले असते. यंत्राने निक्रोमची बारीक तार तापविली की दोरा जळतो, स्प्रिंग सुटते, छत्री बाहेर पडते. मोठ्या छत्रीची गुंडाळीही अशाच दोऱ्याने बांधलेली.

यंत्राच्या आज्ञा नातवाने मला समजावून सांगितल्या, तेव्हा मला माझी बँकच समोर दिसू लागली. ‘उड्डाण झाले’ असे यंत्राने मानण्यासाठी दोन अटी एकदम पुऱ्या व्हाव्या लागतात. जोराचा धक्का नोंदला गेला पाहिजे आणि उंचीही तीस मीटरच्या पुढे गेली पाहिजे. एकाच अटीवर विसंबले, तर प्रवासात गाडी खड्ड्यातून गेली तरी यंत्राची फसगत होईल आणि कोणाच्या तरी हातात स्प्रिंग सुटेल. मैदानावर मोटर पेटविण्याची किल्ली एकाकडे आणि बटण दुसऱ्याकडे असते. बँकेच्या स्ट्राँगरूमला दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या असतात, तोच हा प्रकार.

उतरण्याचा नियम मात्र उलटा. तेथे एका यंत्राने नकार दिला म्हणून काम अडता कामा नये. म्हणून दोन स्वतंत्र अल्टिमीटर बसवायचे, प्रत्येकाची तार त्याच दोऱ्याला गुंडाळायची आणि कोणतीही एक तापली तरी दोरा जळला पाहिजे. आपल्या ठेवींवर आपण ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ लिहून देतो, ते याचसाठी. दोघांपैकी एक नसला तरी घरच्यांचे पैसे अडू नयेत. धोका पत्करताना दोघांची संमती हवी आणि संकटातून सुटताना कोणा एकाची सही पुरी व्हावी, ही व्यवस्था ज्याला समजली त्याला व्यवहारातले बरेच काही समजले, असे मला वाटते. मात्र दोन्ही यंत्रे एकाच बॅटरीवर चालविली तर ती दोन राहत नाहीत. एकाच माणसाने दोन नावांनी केलेल्या सह्यांसारखे ते होते.

आणि येथेच पैशांचा प्रश्न आला. पेढीवरून शेहेचाळीस हजारांची उचल नातवाच्या नावे लिहिली होती. त्यात दुसऱ्या अल्टिमीटरचा संच किंवा उड्डाणाचे चित्रण करणारा छोटा कॅमेरा, दोहोंपैकी एकच बसत होते. मुलांचा ओढा कॅमेऱ्याकडे. चित्रफीत सर्वांना दाखविता येते, दुसरा अल्टिमीटर कोणाला दिसतही नाही. वाद गादीवर आला. व्याह्यांनी सर्व ऐकून घेतले आणि एकच विचारले, “पहिले बंद पडले हे दुसऱ्याला कळते कसे?”

नातू म्हणाला, “आप्पा, त्याला कळावे लागतच नाही. ते आपले काम करीतच असते.”

“मग तेच घ्या,” आप्पा म्हणाले. कॅमेरा राहिला.

गच्चीवर जवळजवळ महिनाभर चाचण्या झाल्या. एकेका तारेने दोरा जळतो का, दोन्ही एकदम तापल्या तर काय होते, छत्रीची घडी अडकते का. प्रत्येक वेळचा निकाल वहीत तारखेसह लिहिला. यादीवर काम करणाऱ्याची एक आणि तपासणाऱ्याची एक अशी दोन आद्याक्षरे असत. हे मी सुचविले नव्हते, मुलांनीच ठरविले.

उड्डाण गेल्या हिवाळ्यात झाले. रॉकेट ५७१ मीटर गेले, छोटी छत्री शिखरावर उघडली, मोठी १५० मीटरवर, आणि मैदानाच्या कडेला कापणी झालेल्या शेतात ते उतरले. एका पंखाला तडा गेला, एवढेच. संध्याकाळी दोन्ही यंत्रांतील नोंदी काढल्या, तेव्हा पहिल्या यंत्राची नोंद उड्डाणानंतर दोन सेकंदांच्या आतच थांबलेली आढळली. मोटरच्या झटक्याने बॅटरीची क्लिप निसटली होती. पुढचे सर्व काम दुसऱ्याने एकट्याने केले होते.

नातवाने हे फोनवर सांगितले. आप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कॅमेरा घेतला असता, तर पडताना फार छान दिसले असते.”

हा मुलगा पुढे पेढीवर बसेल की प्रयोगशाळेत जाईल, हे आज सांगता येत नाही आणि सांगण्याची घाईही नाही. रॉकेट परत आले म्हणून त्यातील सामान शाबूत राहिले. पुढच्या वर्षीच्या मुलांना ते उपयोगी पडणार आहे. क्लिपऐवजी आता डाग देऊन जोडलेल्या तारा आहेत आणि बॅटरीवर पट्टा आहे.

आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी अशा कामासाठी पैसे मागायला आली, तर ‘यातून निघणार काय’ हे जरूर विचारावे. सोबत आणखी चार गोष्टी विचाराव्यात. मोटर कोणाची? मैदानाची परवानगी कोणी दिली? खाली येणार कसे? आणि ती व्यवस्था बिघडली तर पुढे काय? चारही उत्तरे चोख मिळाली, तर उचल लिहून द्यायला हरकत नाही.