शून्य मशागत आणि उतेरा

शेतीविषयक अहवालांची मराठी भाषांतरे तपासण्याचे काम अधूनमधून माझ्याकडे येते. मराठीच्या प्राध्यापकाला शेतीतले काही कळत असेल अशी यामागे कोणाची समजूत नसते. त्याला ऱ्हस्वदीर्घ कळते, एवढे पुरेसे असते. या अहवालांत ‘संवर्धित शेती’ ही संज्ञा हमखास भेटते. तिची सूत्रे तीन. जमीन कमीत कमी ढवळावी, पिकाच्या अवशेषांचे आच्छादन तिच्यावर कायम ठेवावे आणि पिकांची फेरपालट करावी, तीत शक्यतो एखादे द्विदल पीक असावे. पैकी पहिल्या सूत्रासाठी ‘शून्य मशागत’ असा शब्द रूढ होऊ पाहतो आहे आणि तिथे मी दरवेळी अडखळतो. मशागत हा शब्द अरबी ‘मशक्कत’वरून आपल्याकडे आला, त्याचा मूळ अर्थ कष्ट. तेव्हा शून्य मशागत म्हणजे शब्दशः शून्य कष्ट! दीड-दोन एकरांच्या धन्याला, आणि त्याहून अधिक त्याच्या घरधनिणीला, हे ऐकून काय वाटेल?

मी शिकवतो त्या झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या धानाच्या मुलखात, या गोष्टीला जुने नाव आहे : उतेरा. धान बांधीत उभे असते, लोंब्या पिवळ्या पडू लागलेल्या असतात, पायाखालची माती अजून ओली असते. अशा वेळी कापणीच्या काही दिवस आधी उभ्या धानातच लाखोळीचे बी फेकायचे. नांगर नाही, वखर नाही, पुढे पाणीही द्यायचे नाही. धान कापून नेले की धसकटांमधून लाखोळीची कोवळी रोपे वर आलेली दिसतात. उरलेल्या ओलीवर आणि थंडीतल्या दवावर ती वाढतात. लाखोळीप्रमाणे जवस, हरभरा हेही असेच घेतले जाते. ‘शून्य मशागत’, ‘विना नांगरणी’ या संज्ञा काय करायचे नाही तेवढे सांगतात. ‘उतेरा’ काय करायचे ते सांगतो. अभावाला नाव देणे आणि कृतीला नाव देणे यांतला हा फरक आहे, आणि तो केवळ भाषेचा नाही.

द्विदलाचा आग्रह कशासाठी, हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात. रोप उपटले नाही आणि मुळे जागच्या जागी कुजू दिली, तर त्यातला काही वाटा पुढच्या पिकालाही लाभतो. धानाच्या चिखलणीने मातीचा घट्ट थर तयार होतो. त्यात जुन्या मुळांच्या वाटा राहिल्या, तर पुढच्या मुळांना त्या उपयोगी पडतात. रायगड जिल्ह्यातील नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेले ‘सगुणा भात तंत्र’ याच विचारावर उभे आहे. त्यात कायमस्वरूपी गादीवाफे असतात, चिखलणी नाही आणि रोवणीही नाही. भाताच्या मागून त्याच वाफ्यांवर वाल-हरभऱ्यासारखी कडधान्ये घेता येतात. मात्र तिथे तणाचा बंदोबस्त तणनाशकाने करतात. नांगर थांबला की तणाचे काय, हा प्रश्न उरतोच. तणनाशक नको असेल किंवा परवडत नसेल, तर उत्तर एकच : खुरपे. आणि खुरपे बहुधा बाईच्या हातात असते. ‘शून्य’ झालेली मशागत कुठे गेली, याचा शोध घेतला तर ती पुष्कळदा अशी घरातल्या घरात हस्तांतरित झालेली आढळते.

परंतु उतेऱ्याचे केवळ गुणगान करून थांबणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. बोलीतील शेतीशब्द गोळा करण्याचा एक प्रकल्प मी पदवीच्या वर्गाला दिला होता. एका विद्यार्थिनीच्या यादीत तूर होती, पोपट होता, जवस होता, लाखोळी नव्हती. विचारले तेव्हा म्हणाली, “सर, ती खायची डाळ नाही म्हणतात ना?” घरी लाखोळीची भाजी होते का, यावर मात्र ती हसली. होते, आणि वाळवूनही ठेवतात.

तिच्या संकोचाला इतिहास आहे. ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्ध असलेल्या स्लीमनने १८४४च्या आपल्या ग्रंथात सागर परिसरातील एक हकीकत नोंदवली आहे. १८२९ साली गारपिटीने, १८३०मध्ये अवर्षणाने आणि १८३१मध्ये रोगाने गहू गेला. शेतात आपोआप उगवलेल्या तिवड्यावर, म्हणजे आपल्या लाखोळीवर, लोक जगले आणि पुढे अनेक तरुणांचे पाय कायमचे लुळे पडले. न पेरता, न नांगरता आलेल्या पिकाने माणसे तगवली आणि अपंगही केली. दाण्यातील ओडॅप हे द्रव्य त्याला कारण. लाखोळी हाच महिनोन्महिने मुख्य आहार झाला की धोका वाढतो; भिजवून, उकळून पाणी टाकून दिल्यास विष कमी होते. म्हणजे अपाय दाण्यात होताच. पण ताटात दुसरे काहीच नसणे हा त्याहून मोठा अपाय होता. १९६१मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनी या डाळीच्या विक्रीवर बंदी आणली. ती उठावी म्हणून नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी दीर्घकाळ चळवळ केली, उपोषणेही केली. ओडॅपचे प्रमाण कमी असलेले रतन, प्रतीक, महातिवडा असे वाणही निघाले. तरी वर्गातल्या त्या मुलीपर्यंत पोचली ती बंदीच.

इकडे उतेऱ्याची जागाही आक्रसते आहे. जिथे कालव्याचे पाणी आले तिथे उन्हाळी धान आले. कापणीला हार्वेस्टर आला की त्याच्या चाकांखाली कोवळे अंकुर चिरडतात. धान निघाल्यावर गुरे मोकळी सुटतात. एकट्याने उतेरा राखायचा म्हटले तर राखण परवडत नाही. आच्छादनाचे सूत्रही इथेच अडते, कारण अहवालात जे ‘पीक अवशेष’ असतात, ते गोठ्यातल्या गाईचे वैरण असते. गुरे कधी सोडायची, हे सगळ्या गावाने मिळून ठरवावे लागते. उतेरा एका शेतकऱ्याचे तंत्र कधीच नव्हते, तो गावाचा करार होता, असे मला वाटते.

म्हणून ‘संवर्धित’ या विशेषणापुढे एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो : संवर्धन कशाकशाचे? मातीचे, हे तर झालेच. पण खुरपणाऱ्या हातांचे, गाईच्या वैरणीचे, ताटातल्या डाळीचे आणि त्या डाळीच्या नावाचे काय? हे सगळे हिशेबात आले, तर अहवालातले मराठी माझ्यासारख्याने तपासण्याची फारशी गरज उरणार नाही. ते मुळातच शेतातून आलेले असेल.