दीडशे रुपये

व्यापार आमच्या घराण्यात कुणी केला नाही. मी मात्र कॉलेजात असताना, १९९७ साली, वेळापुरात एक धंदा करून पाहिला.

माझा एक मित्र ओसरीवर बसून अ‍ॅम्प्लिफायर जुळवीत असे. सुटे भाग पुण्याच्या बुधवार पेठेतून येत. मुळात मोटारीतल्या टेपसाठी निघालेली ४४४० नंबरची आयसी, १२ व्होल्टचा ट्रान्स्फॉर्मर, उष्णता ओढून घ्यायला अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. बोटे भाजून घेत तो हे सारे सोल्डर करी. मी त्याच्याकडून ४०० रुपयांना घेई आणि गोड बोलून ५५० ला विकी.

एक भजनी मंडळाच्या गळ्यात बांधला. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी वेळापूरला मुक्कामास आली आणि त्याच रात्री, ऐन अभंगात, तो घुमू लागला. मृदंगाहून त्याचाच आवाज मोठा! बुवांनी माझ्याकडे पाहिले. पैसे मी घेतले होते ना! पण आतली कोणती तार कुठे जाते, हे मला कुठे ठाऊक?

मित्राला झोपेतून उठवून आणले. माइकच्या तारेवरची अर्थिंगची जाळी सुटली होती. त्याने ती जोडली, आवाज निवळला. बुवा पैसे देऊ लागले, तर म्हणाला, ‘‘माझ्याच हातचा आहे, बुवा. त्याचे कसले पैसे?’’

दुसऱ्या दिवशी मी दीडशे रुपये त्याच्यापुढे ठेवले. त्याने हसून एवढेच विचारले, ‘‘म्हणजे, तू एवढे लावत होतास?’’

आता मी मराठी शिकवतो. दुसऱ्यांच्या कविता समजावून देऊन पगार घेताना तो प्रश्न मला अधूनमधून ऐकू येतो.