पदवीनंतरचा तक्ता

आमची पुतणी यंदा संस्कृत विषय घेऊन बी. ए. झाली. निकालाच्या तिसऱ्याच दिवशीं तिनें २२ बाय २८ इंचांचा पांढरा कागद माजघरांत पसरला आणि "काका, पुढें काय शिकायचं त्याचा तक्ता करतें आहे, जरा पाहतां का?" म्हणून आम्हांस हांक मारिली. ज्याचीं ३६ वर्षें वर्गांत तक्ते टांगण्यांत गेलीं, त्या मास्तरास दुसरें काय हवें! परंतु या उद्योगामागील कारण घरांत सर्वांस ठाऊक होतें. मुलीनें बँकेच्या परीक्षेस बसावें असें आमच्या धाकट्या बंधूंचें मत. वडिलांशीं वाद घालण्याऐवजीं तिनें भिंतीचा आश्रय केला होता.

पहिला आराखडा पाहून आम्हांस हंसूं आलें. मध्यभागीं तांबड्या रंगांत 'पीएच. डी.', भोंवतीं पदवीची टोपी, पुस्तकांची चळत, उगवता सूर्य आणि कोपऱ्यांत एक शिडी. आम्हीं विचारिलें, "यांत तूं शिकणार काय, तें कोठें आहे?" ती गप्प झाली. दोष तिचा नव्हे. 'मी कोण होणार' हा निबंध आम्हींच वर्षानुवर्षें मुलांकडून लिहवून घेतला. 'मला काय समजून घ्यावयाचें आहे' हा एकदांही घातला नाहीं.

मग सूर्य गेला, शिडी गेली. दहा फुटांवरून वाचावयाचें तर अक्षर निदान इंचभर उंच हवें, तेव्हां शब्दही थोडेच उरले. शिरोभागीं तिनें प्रश्न लिहिला: 'एकाच ग्रंथाच्या पोथ्यांत पाठ वेगळे कां पडतात?' त्याखालीं एम. ए.; मग शारदा लिपीचा अभ्यास; शेवटीं एका लहान ग्रंथाची चिकित्सित आवृत्ति, आणि तिच्यापुढें 'दोन वर्षें'.

येथें आम्हांस राहवलें नाहीं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९१९ सालीं हातीं घेतली, ती पुरी झाली १९६६ सालीं. प्रमुख संपादक डॉ. सुखठणकर १९४३ सालींच निवर्तले. डेक्कन कॉलेजांतील संस्कृत कोशाचें काम १९४८ पासून चालूं आहे, तें अद्यापि संपलेलें नाहीं. हें सर्व ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हणूनच तर लहान ग्रंथ म्हटलं!" तरी 'दोन वर्षें' तिनें खोडलीं.

आमची मजल मॅट्रिकपर्यंतच. वडील अंथरुणास खिळले, आम्ही शाळेंत लागलों. संस्कृत झालें तें पहांटे उठून शास्त्रीबोवांपाशीं. पुण्यास जाऊन काय शिकावयाचें, त्याच्या चार ओळी आम्हींही एकदां लिहिल्या होत्या. त्या ट्रंकेच्या झांकणास चिकटविल्या, परंतु आंतल्या बाजूनें. त्या कोणास दिसल्या नाहींत व कोणीं विचारिलेंही नाहीं.

सायंकाळीं बंधु आले. तक्ता दाराशेजारीं लावला होता. चष्मा पुसून त्यांनीं तो सावकाश वाचला. शारदा लिपि कोठें शिकवितात, फी किती पडेल, एवढेंच विचारिलें. मग म्हणाले, "दार उघडलं कीं हा झांकला जातो. समोरच्या भिंतीला लाव."

खिळा आम्हींच ठोकला. बँकेच्या परीक्षेचीं पुस्तकें मात्र त्यांनीं अद्यापि दुकानदारास परत केलेलीं नाहींत.