कटऑफ मॅनच्या डोक्यावरून

बेसबॉल संघात सर्वांत दणकट हाताचा क्षेत्ररक्षक राइट फील्डला उभा करतात, कारण तिसऱ्या बेसपर्यंतची सर्वांत लांब फेक त्याच्या वाट्याला येते. पण त्याला शिकवतात मात्र हात आवरायला. समजा, दुसऱ्या बेसवर रनर आहे आणि बॅटरने राइट फील्डला चेंडू मारून पहिला बेस गाठला. रनर होम प्लेटकडे सुटतो. अशा वेळी पहिल्या बेसवरचा क्षेत्ररक्षक फेकीच्या वाटेत, पिचरच्या उंचवट्याच्या आसपास, हात वर करून उभा राहतो. हाच कटऑफ मॅन. फेक त्याच्या डोक्याइतक्या उंचीने यावी लागते. रनर बाद होण्याजोगा असेल तर तो चेंडू जाऊ देतो. नसेल तर कॅचरची हाक ऐकून मध्येच अडवतो आणि दुसऱ्या बेसकडे वळवतो.

फेक त्याच्या आवाक्याबाहेर गेली की पहिल्या बेसवरून वळणारा बॅटर ते लगेच हेरतो. चेंडू हवेत असेपर्यंत तो आरामात दुसऱ्या बेसवर पोहोचतो. धाव तर गेलीच, शिवाय पुढच्या साध्या हिटवर आणखी एक जायची तयारी झाली, आणि ग्राउंडरवर, म्हणजे जमिनीवरून आलेल्या चेंडूवर, दोघांना बाद करण्याची सोय संपली. क्रिकेटमधला ओव्हरथ्रो निदान धावफलकावर दिसतो. इथे बहुतेक वेळा नोंदवहीत कोणाच्याही नावावर चूक लागत नाही. बॅटर फेकीवर पुढे सरकला, एवढीच नोंद होते. शिवाय प्रेक्षक त्या फेकीला टाळ्या वाजवतात.

यासिएल पुइग हे या दोषाचे सर्वांत देखणे उदाहरण. क्यूबातल्या सिएनफ्वेगोसचा हा खेळाडू 3 जून 2013 रोजी लॉस एंजेलिस डॉजर्सकडून पहिला सामना खेळला, तो डबल-ए या खालच्या स्तरावरच्या चट्टानूगा संघातून थेट येऊन. त्या सामन्याचा शेवटच त्याने केला: राइट फील्डच्या टोकाला उंच झेल घेतला आणि तिथून पहिल्या बेसवर अशी फेक केली की परतणारा रनरही बाद. त्या जूनमध्ये त्याने 44 हिट मारल्या, सरासरी .436. विन स्कली या ज्येष्ठ समालोचकाने त्याचे नाव ‘रानघोडा’ ठेवले. पुइग आला तेव्हा डॉजर्स आपल्या गटात तळाला होते. पुढे त्यांनी 50 पैकी 42 सामने जिंकण्याचा सपाटा लावला. अशा दिवसांत कटऑफ मॅन चुकला म्हणून कोण कोणाला बोलणार? खरी अडचण तीच. ज्या फेकीने पहिल्या दिवशी सामना संपवला, तीच फेक तो रोज करू पाहत राहिला.

बेसवर धावतानाही तेच. पहिला किंवा तिसरा गडी तिसऱ्या बेसवर बाद होऊ देऊ नये, असा या खेळातला जुना दंडक आहे. एकही गडी बाद नसताना दुसऱ्या बेसवरच्या रनरला पुढे न्यायला अजून तीन संधी असतात. दोन बाद असताना तो साध्या हिटवर दुसऱ्या बेसवरूनही बहुधा घरी येतो. धोका पत्करावा तो एक बाद असताना, कारण मग तिसऱ्या बेसवरून खोल झेलावरही धाव मिळते. हा हिशेब धावायला लागण्याआधी करायचा असतो. पुइग आधी धावे.

संघासाठी असा समंजसपणा न दाखवण्यामागे कधी कधी स्वतःच्या सरासरीचा हिशेबही असतो. दुसऱ्या बेसवर रनर असताना बॅटरने मुद्दाम उजव्या बाजूला ग्राउंडर मारला, तर रनर तिसऱ्या बेसवर जातो. पण बॅटर बाद होतो आणि त्याची सरासरी घसरते. सॅक्रिफाइस बंटला नियमाने सूट आहे, या ग्राउंडरला नाही. त्यामुळे करारासाठी आकडे जमवणाऱ्या तरुणाला दोष देणे तितकेसे रास्त नाही. पुइगबाबत मात्र ही सबब चालत नाही. फेक खाली ठेवल्याने कोणाचीच सरासरी घसरत नाही.

उलट बाजूचे उदाहरण 13 ऑक्टोबर 2001 चे, ओकलंडमधले. यांकीज संघ 1-0 ने पुढे होता आणि सातव्या डावात शेन स्पेन्सरची राइट फील्डवरून आलेली फेक, वाटेत एकामागे एक उभ्या असलेल्या दोन्ही कटऑफ मॅनच्या डोक्यावरून गेली. शॉर्टस्टॉप डेरेक जीटर आपली जागा सोडून पहिल्या बेसच्या रेषेपर्यंत धावत आला होता. भरकटलेला चेंडू उचलून त्याने बाजूला धावता धावताच कॅचर पोसाडाकडे ढकलला. ओकलंडचा रनर जेरेमी जियांबी होम प्लेटवर न घसरता आला आणि बाद झाला. लोकांना तो ढकललेला चेंडू आठवतो. खरे कौशल्य मात्र त्याआधीच्या धावण्यात होते, कारण जीटर निघाला तेव्हा फेक चुकेलच याची खात्री नव्हती.

18 ऑक्टोबर 2013 रोजी सेंट लुइसमध्ये डॉजर्स 9-0 ने हरून स्पर्धेबाहेर गेले. त्या रात्री मात्र नोंदवहीत पुइगच्या नावावर दोन चुका लागल्या. एरवी ही चूक नोंदवहीत सापडत नाही, म्हणून अमेरिकेत लिटल लीगच्या मैदानाकडेला बसणाऱ्या मराठी आईबाबांनी पुढच्या सामन्यात राइट फील्डवरून फेक सुटली की होम प्लेटकडे न पाहता पहिल्या बेसवरच्या बॅटरकडे पाहावे. तो थांबला, तर फेक चांगली होती.