मंगळवार, गुरुवार, शनिवारची फियाट

डायलिसिसवर असलेल्या माणसाकडे जो येतो तो टेकायच्या आधीच विचारतो, "आता क्रिएटिनिन किती?" डायलिसिसच्या आधी वाढलेलं असतं, नंतर उतरतं, दोन दिवसांत पुन्हा चढतं. त्यात सांगण्यासारखं काही नसतं, तरी सांगावं लागतं. मागच्या शेडमधल्या फियाटवरची ताडपत्री काढली तेव्हापासून लोक विचारू लागले, "ब्रेक लागले का?" माझ्या मते या गाडीचा सगळ्यात मोठा उपयोग हाच.

गाडी १९७१ची, फियाट ११०० डिलाइट. वडील अमरावतीहून भिलाईला आले तेव्हा पोलाद कारखाना उभा राहत होता. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्‌घाटन झालं, तेव्हाच्या गर्दीत आपण होतो हे ते शेवटपर्यंत सांगायचे. गाडी त्यांनी बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबांकडून घेतली. नंबर अजून मध्य प्रदेशचाच. २००० साली छत्तीसगड वेगळं झालं, ते गाडीला कुणी कळवलं नाही. वडील गेले आणि ती शेडमध्ये गेली.

मी कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये जन्म काढला. निवृत्त झालो आणि जुन्या रक्तदाबाने दोन्ही मूत्रपिंडं खाल्ल्याचं कळलं. हृदयाची ताकद कमी, म्हणून प्रत्यारोपणाचा विषय डॉक्टरांनी लवकरच मिटवला. राहिलं ते सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार-चार तास. शेजारच्या खाटांवरची माणसं मोबाइल बघतात किंवा झोपतात. मी मशीन बघत बसतो. रोलरचा पंप नळी दाबत दाबत रक्त पुढे ढकलतो, मिनिटाला साधारण तीनशे मिलिलिटर. हवेचा बुडबुडा आला, दाब चढला, की लगेच अलार्म. एका बैठकीत सव्वाशे लिटरच्या आसपास द्रव गाळणीतून फिरून जातो. फार सुबक यंत्र आहे. ज्याने बनवलं त्याला भेटावंसं वाटतं.

गाडीचं बोलणं काढल्यावर डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद घेतला आणि काय करायचं नाही ते लिहून दिलं. डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे शीर आणि धमनी जोडलेली. तिथे बोट ठेवलं की आतली थरथर लागते. त्या हाताने वजन उचलायचं नाही, हातावर दाब येऊ द्यायचा नाही. डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात, तेव्हा त्या दिवशी पत्रा कापणं बंद. जुन्या रंगात शिसं असतं आणि शिसं मूत्रपिंडाचा वैरी, म्हणून रंग घासणं बंद. जुन्या ब्रेक शूमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ड्रमवर फुंकर मारायची नाही. थिनरच्या वासात बसायचं नाही. यादी वाचून बायको म्हणाली, "अहो, मग तुम्ही करणार काय?"

सांगणार. ज्याला तीस वर्षं हाताखालच्यांना सांगायची सवय आहे त्याला हे जड नाही, असं मला वाटत होतं. जड होतं. सुपेल्याचा एक पोरगा मदतीला मिळाला. मी पाना उचलला की तो काढून घ्यायचा, "कका, तुमन बइठव, मैं करत हंव." पहिले काही दिवस मला त्याचा राग यायचा. मग माझ्या वाट्याला बैठी कामं घेतली: कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट, वायपरची मोटर, डायनॅमो. टेबलावर कपडा पसरायचा, चष्मा लावायचा. खरं सांगायचं तर अंगात रक्त कमी असलेल्या माणसाने करण्याजोगी हीच कामं.

भिलाईत राहायचा एक फायदा आहे, तो मुंबई-पुण्याच्या शौकिनांना मिळत नाही. कारखान्याच्या आधाराने नंदिनी रोड आणि हथखोजला लहान-मोठे वर्कशॉप वाढले आहेत. लेथवाल्याला झिजलेला बुश दाखवला की तो धातू विचारतो, पैसे नंतर. पाट्यांच्या स्प्रिंगांना त्यांनी पुन्हा पाणी दिलं, ब्रेक ड्रम घासून गोल करून दिले. चारही चाकांना ड्रमच आहेत, डिस्कची भानगड नाही.

जे घडवता येत नाही ते मुंबईहून. या गाड्या कुर्ल्यालाच बनत, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. पुढे हीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली, इंजिन तेच १०८९ सीसीचं, म्हणून पद्मिनीचे बरेच सुटे भाग डिलाइटला बसतात. पुढची जाळी मात्र वेगळी. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात नोंदलेली. वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरात ती रस्त्यावरून गेली. पेपरांनी हळहळ छापली. मी भाच्याला फोन केला, कुर्ल्याला चक्कर मार म्हणून. मला स्वतःला जाता येत नाही. दुर्गहून मुंबईला जायला एक रात्र, यायला एक, मधला दिवस दुकानांत. जरा उशीर झाला की डायलिसिसचा वार उलटतो. तिथे आगाऊ जागा मिळवून करता येतं, पण हेडलाइटच्या रिंगेसाठी नव्या ठिकाणी सुया टोचून घ्यायची माझी तयारी नव्हती.

सगळ्यात वाईट गेला तो मे महिना. भिलाईचं ऊन, वर पत्र्याची शेड, आणि दिवसाला पाणी एक लिटर, त्यातच चहा आणि वरण. पोरगा समोर बाटली उपडी करून घटाघटा प्यायचा. मी बर्फाचा खडा तोंडात धरून दुसरीकडे बघायचो. तहान ही काय चीज आहे हे दोन्ही मूत्रपिंडं शाबूत असलेल्याला समजावता येत नाही, मी प्रयत्नही करत नाही. फक्त घाम जात असल्यामुळे दोन डायलिसिसच्या मध्ये वजन कमी भरायचं, एवढी एक गोष्ट बरी.

इंजिन सुरू झालं तेव्हा शेजारी टाळ्या वाजवायला आले. एकजण म्हणाला, "या गाडीनेच तुम्हाला जगवलं." असं बोलायची हल्ली फॅशन आहे. मला ते पटत नाही. मला जगवलं ते मशीनने, सुई नीट लावणाऱ्या सिस्टरने आणि निवृत्तीनंतरही मिळणाऱ्या उपचारांनी. ज्यांना छंद नाही आणि डायलिसिसही परवडत नाही, ते जिद्द कमी पडली म्हणून गेले असं म्हणायचं का? गाडीने मला मंगळवार, गुरुवार, शनिवार दिले. ते कमी नाहीत, पण ते औषध नव्हे.

आता प्रश्न नोंदणीचा. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. मित्रांचा आग्रह आहे, मान असतो म्हणून. पण तशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन किंवा रॅलीपुरती. मी नकार दिला. मला ती सेक्टर ९च्या रुग्णालयात जायला हवी आहे. गिअर स्टिअरिंगजवळ, डाव्या हाताला. दांडा हलका आहे, फिस्टुलावर ताण येत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी पार्किंगमध्ये स्वतः बसून बघितलं. डायलिसिसनंतर रक्तदाब उतरतो, तेव्हा चालवायची मनाई आहे. म्हणून जाताना गाडी मी चालवतो, येताना बायको. माझ्यापेक्षा ती चांगली चालवते.