एवढीशी रेघ

वीस-बावीस वर्षांच्या मास्तरकीत मी सर्वांत अधिक तांबडी शाई कशावर खर्च केली असेल, तर इंग्रजी आकडे अक्षरांत लिहिताना मुले जी मधली रेघ गाळतात तिच्यावर!

व्याकरणात तिला संयोगचिन्ह म्हणतात. नियम सोपा आहे. २१ ते ९९ मधला आकडा दोन शब्दांचा असला की मध्ये रेघ हवी: ‘ट्वेन्टी-वन’, ‘नाइन्टी-नाइन’. नुसत्या ‘थर्टी’ला ती नको, ‘टू हंड्रेड’लाही नको. ‘‘एवढ्याशा रेघेने काय बिघडते, सर?’’ असे कुणी विचारले की मी फळ्याकडे वळतो. ‘ट्वेन्टी-टू रुपी नोट्स’ म्हणजे एकेक रुपयाच्या बावीस नोटा. ‘ट्वेन्टी टू-रुपी नोट्स’ म्हणजे दोन-दोन रुपयांच्या वीस. रेघ एक शब्द पुढे सरकली आणि बावीस रुपयांचे चाळीस झाले! मुले हसतात, मी विजयी मुद्रेने खडू खाली ठेवतो.

मराठीला ही कटकट नाही. एक आणि वीस यांना आपण केव्हाच एकजीव करून ‘एकवीस’ केले आहे. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा तो सांधा उकललेला पाहून केवढा गदारोळ उठला!

पण माझा विजय एकदा सातवीतल्या एका मुलाने पार उतरवला. परगावी कामाला गेलेल्या वडिलांना त्याने इंग्रजीत पत्र लिहिले होते. त्यात होते, ‘ट्वेन्टी-ट्वेन्टी-फाइव्ह डेज’. मी फुली मारली आणि शेजारी लिहिले, ‘एकच आकडा लिही.’

तो वही घेऊन टेबलाशी आला. ‘‘कोणता लिहू, सर? बाबा म्हणाले होते, वीस-पंचवीस दिवसांत येतो.’’

‘‘मग पंचवीस लिही.’’

तो हलला नाही. ‘‘पंचवीस काल झाले, सर.’’

माझ्या हातातले पेन थबकले. इंग्रजीतली रेघ दोन शब्दांना आवळून एक आकडा पक्का करते. आपली रेघ दोन आकड्यांच्या मध्ये थोडी जागा मोकळी ठेवते. त्या जागेत हा पोर पाच दिवस बसून होता, आणि मी तिच्यावरच फुली मारली होती.

मी त्याला ‘अबाउट ट्वेन्टी-फाइव्ह’ लिहून दिले.

‘‘अबाउट म्हणजे, सर?’’

‘‘म्हणजे अजून एक-दोन दिवस.’’

तो वही छातीशी धरून जागेवर गेला.