आमच्या होडीचा वाटाड्या

मराठी माणसाने न्यू जर्सीत घर घेतले, नवी गाडी घेतली, की लोक अभिनंदन करतात. होडी घेतली की मात्र "काय हो, सगळे ठीक आहे ना?" असे विचारतात. आम्ही तीन कुटुंबांनी मिळून सतरा फुटांची एक जुनी ॲल्युमिनियमची होडी घेतली, तेव्हापासून वर्ग सुटल्यावर पार्किंगमध्ये आम्हांला याच सुरात प्रश्न येत आहेत. त्यांतला एक प्रश्न मात्र चांगला आहे, आणि तो तिघा-चौघा पालकांनी विचारला, म्हणून हा लेख. प्रश्न असा: छोट्या होडीसाठी स्वस्तातला जी.पी.एस. घ्यायचा तर कुठला घ्यावा?

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढच्या पानावरच्या शब्दकोड्याकडे वळता येईल. लहान होडीला महाग यंत्र लागत नाही. पण नकाशा नसलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये.

आता सविस्तर. आम्ही तिन्ही घरचे सॉफ्टवेअरवाले, तेव्हा खरेदीची सुरुवात अर्थातच स्प्रेडशीटने झाली. आडवे रकाने वाढत वाढत तीसच्या वर गेले: स्क्रीनचा आकार, वजन, ॲम्पिअर, पाण्यात किती वेळ टिकते, वगैरे वगैरे. ही चर्चा चालू असताना आमच्यापैकी एकांच्या सासूबाई, म्हणजे आम्हां सर्वांच्या आजी, पोहे घेऊन आल्या. आजी देवगडच्या. त्यांच्या लहानपणी, एका जूनच्या सुरुवातीला, थोरल्या भावाची होडी पावसात किनारा दिसेनासा होऊन खडकावर आपटली. भाऊ वाचला, बरोबरचा खलाशी परत आला नाही. आजी हे कधी फारसे बोलत नाहीत, पण नातवंडे होडीत बसणार म्हटल्यावर त्यांनी एकच विचारले, "परत येवची वाट त्या यंत्राक म्हायत आसा काय?" त्या एका प्रश्नाने आमचे वीस-बावीस रकाने निकालात निघाले.

मुलांसाठी थोडे तंत्र सांगायला हवे. जी.पी.एस.चे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि दिवसातून साधारण दोन फेऱ्या मारतात. प्रत्येक उपग्रह "मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजले आहेत" एवढेच सतत सांगत असतो. तो संदेश आपल्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर निघते. अशी चार उपग्रहांपासूनची अंतरे मिळाली की आपली जागा कळते. तीन पुरली असती, पण आपल्या यंत्रातले घड्याळ स्वस्तातले असते, त्याची चूक काढायला चौथा लागतो. घड्याळ एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तर जागा तीनशे मीटरने चुकते! आणि ही सगळी माहिती खाली येते ती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने. घरचे इंटरनेट हळू चालते म्हणून रडणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावे.

यातला खरेदीसाठी महत्त्वाचा भाग असा. मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार सामान्य लोकांसाठीचा संदेश मुद्दाम बिघडवून सोडत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. ते बंद झाल्यावर आणि पुढे २००३ साली चूक सुधारणारी आणखी एक यंत्रणा सुरू झाल्यावर, आज अगदी स्वस्तातले यंत्रसुद्धा मोकळ्या आकाशाखाली तीन-चार मीटरच्या आसपास बरोबर जागा सांगते. म्हणजे "आमचे यंत्र अधिक अचूक" हा दुकानदाराचा मुद्दा सतरा फुटी होडीला गैरलागू. होडीच पाच मीटरची आहे. अचूकतेसाठी जास्त पैसे मोजू नका.

मग पैसे कशाचे मोजायचे? आम्ही यंदा वसंतात पाहिले तेव्हा शंभर-दीडशे डॉलरला मासे शोधणारे छोटे यंत्र मिळत होते. त्यात खाली पाणी किती आणि मासे कुठे ते दिसते, शिवाय जी.पी.एस. असतो. जागेवर खूण करून ठेवता येते आणि त्या खुणेकडे परत जाणारी रेघ दिसते. पण रेघेखाली नकाशा नसतो, नुसता कोरा पडदा. साडेतीनशे ते पाचशेच्या दरम्यान पाच इंची स्क्रीन, तेच मासे शोधणे, आणि किनाऱ्याचा पूर्ण नकाशा. त्याच्या पुढे सात इंच, नऊ इंच, टच स्क्रीन, आणि किमती आठशेच्या वर.

कोरा पडदा आमच्या उपयोगाचा का नाही, हे आमचा उपसागर ज्यांनी पाहिला आहे त्यांना लगेच कळेल. आमची होडी पाण्यात उतरते अटलांटिक हायलंड्सच्या धक्क्यावरून. वसंतात पट्टेरी बास मिळतो तो पश्चिमेला, रॅरिटन बेमध्ये, कीन्सबर्गच्या समोर. या दोन जागांच्या मध्ये नौदलाचा दारूगोळा चढवण्याचा धक्का आहे, किनाऱ्यापासून जवळजवळ तीन मैल पाण्यात घुसलेला, आणि त्याच्या भोवती खासगी होड्यांना सक्त मज्जाव. कोऱ्या पडद्यावरची घरी नेणारी सरळ रेघ बरोबर त्या धक्क्यातून आरपार जाते. यंत्र खोटे बोलत नाही, घर त्याच दिशेला आहे. पण आजींचा प्रश्न घर कुठे आहे हा नव्हताच. वाट कुठली, हा होता.

फोनचे काय, हेही विचारले जाते. नकाशा आधी उतरवून ठेवला तर फोनचा जी.पी.एस. मोबाईलचा सिग्नल नसतानाही उत्तम चालतो, आणि आमच्याकडे तो आहेच. पण ओल्या, माशाच्या खवल्यांनी माखलेल्या बोटांना फोन दाद देत नाही, जुलैच्या उन्हात तापून बंद पडतो, आणि पाण्यात पडला की आपल्या माणसांचे नंबरही घेऊन जातो. फोन दुसरा आधार म्हणून ठीक. पहिला आधार होडीला स्क्रूने बसवलेला आणि होडीच्या बॅटरीवर चालणारा हवा.

याच कारणासाठी आम्ही टच स्क्रीन नाकारून बटणांचे यंत्र घेतले. दुकानात जाताना आम्ही दोन गोष्टी बरोबर नेल्या: गॉगल आणि स्वयंपाकघरातले रबरी हातमोजे. काही स्क्रीन पोलराइज्ड गॉगलमधून एका कोनात पार काळ्या दिसतात, आणि समुद्रावर तर सगळे तेच गॉगल घालतात. हातमोजे घालून "इथे खूण कर" हे बटण न बघता दाबता आले पाहिजे. दुकानातला मुलगा आमच्याकडे बघत होता, बघू दे. सॉफ्टवेअर लिहून लिहून एवढे नक्की कळले आहे की जे काम घाबरलेल्या माणसाला करायचे आहे ते तिसऱ्या मेनूच्या आत दडवू नये. माणूस पाण्यात पडला तर ती जागा नोंदवायची सोय अशा यंत्रांत असते. ती किती बटणांवर आहे हे विकत घेण्यापूर्वी मोजून पाहा. आमच्या यंत्रात दोन.

जुने यंत्र घ्यावे का? आम्ही दोन पाहिली. यंत्रे धडधाकट होती, पण त्यांतले नकाशे दहा-बारा वर्षांपूर्वीचे, आणि वाळूचे दांडे काही दहा वर्षे एका जागी बसत नाहीत. नवे नकाशे त्या यंत्रांना चालत नाहीत म्हटल्यावर विषय संपला.

प्रत्येक घरामागे दोनशे, असे सहाशे डॉलर आम्ही ठरवले होते. नकाशाचे पाच इंची यंत्र चारशेच्या आत मिळाले. उरलेल्या पैशांत आम्ही हातात धरायचा व्ही.एच.एफ. रेडिओ घेतला, ज्याच्या आतच वेगळा जी.पी.एस. आहे. झाकणाखालचे लाल बटण दाबून धरले की आपली जागा आपोआप तटरक्षक दलाला आणि जवळच्या जहाजांना कळते. त्यासाठी रेडिओत आपला नऊ आकडी क्रमांक आधी नोंदवावा लागतो. तो करमणुकीच्या होड्यांना सहज मिळतो, तरी पुष्कळ लोक कंटाळा करतात. आमच्या मते नऊ इंची स्क्रीनपेक्षा पाच इंची स्क्रीन अधिक हा रेडिओ, ही खरेदी केव्हाही सरस.

मे महिन्यात त्याची परीक्षा झाली. सकाळ स्वच्छ होती. आम्ही तिघे मोठे आणि दोन मुले कीन्सबर्गसमोर गळ टाकून बसलो होतो. दक्षिणेकडून उबदार, दमट वारा आला आणि अजून थंडगार असलेल्या पाण्यावर बघता बघता धुके पसरले. वीस मिनिटांत होडीचे टोकही अस्पष्ट झाले. मुले आधी खूष, मग गप्प.

अशा वेळी यंत्राने काय केले? घरी नेले नाही. या पाण्यातून मॅनहॅटनला जाणाऱ्या वेगवान फेरीबोटी धावतात, आणि त्यांतली एकही नकाशाच्या स्क्रीनवर दिसत नाही. आपण कुठे आहोत ते यंत्र सांगते, अंगावर कोण येते आहे ते नाही. नकाशावर आम्हांला दिसले ते एवढेच की दक्षिणेला, किनाऱ्याजवळ, सात-आठ फूट पाण्याचा पट्टा आहे, जिथे मोठी बोट सहसा येत नाही. सावकाश तिथे गेलो, खोलीचा आकडा नकाशाशी जुळतो ना ते बघत, आणि नांगर टाकला. (नकाशातली खोली ओहोटीची असते. भरतीला इथे साधारण पावणेपाच फुटांची भर पडते, ते धरूनच आकडे जुळवायचे.) लहान होडीला घंटेची सक्ती नाही, पण धुक्यात दर दोन मिनिटांच्या आत काहीतरी जोरदार आवाज करावाच लागतो. ते काम मुलांकडे दिले. त्यांनी शिट्टी आणि दशम्यांचा स्टीलचा डबा यांचा असा काही गजर लावला की एरवी आम्ही दटावले असते. लांबून फेरीचा भोंगा आला, जवळ आला, उत्तरेकडून निघून गेला. नंतर आमच्या होडीला तिच्या लाटा लागल्या. तेव्हा डबा वाजवणे थांबले होते, आणि "वाजवा रे" असे सांगताना आमचे आवाज जरा चढलेच.

दीड तासाने धुके विरले आणि धक्क्याला लांब वळसा घालून आम्ही परतलो. आजींना सांगितले. त्यांनी फक्त विचारले, "नांगर लगेच धरला ना?" दर्यावरच्या माणसांचे प्रश्न वेगळेच असतात.

होकायंत्र मात्र आम्ही काढलेले नाही. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रात वीसहून अधिक जहाजांचे जी.पी.एस. आपण विमानतळावर आहोत असे दाखवू लागले होते. खोटे संदेश सोडले की असे होते. शिवाय फ्यूज उडायला तर काहीच लागत नाही. मुलांना एक गंमत: मुंबईत होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच आहे, पण इथे सुई बारा-तेरा अंश पश्चिमेकडे कलते. देशातून शिकून आलेल्यांनी हे लक्षात ठेवावे. आणि होकायंत्र नव्या यंत्राला चिकटून लावू नये, तारांमुळे सुई भलतीकडे जाते. कागदी नकाशाही बरोबर असतो. नोआ या सरकारी संस्थेने जुने छापील नकाशे २०१९ ते २०२५ या काळात बंद केले, पण हव्या त्या भागाचा नकाशा तिच्याकडून फुकट घेऊन स्वतः छापता येतो. आमचा प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे.

एक तक्रार राहिली. या यंत्रात देवनागरी लिहिता येत नाही. त्यामुळे मुलांनी खुणांना दिलेली नावे, "घर", "लेपा एक", "लेपा दोन", "डबा वाजवा", सगळी रोमन लिपीत नोंदवावी लागली आहेत. कीन्सबर्गसमोरच्या उथळ पट्ट्याचे नाव त्यांनी "आजी" ठेवले आहे. पुढच्या एप्रिलला होडी पाण्यात जाण्याआधी यंत्राचे नकाशे ताजे करायचे आहेत. त्या शनिवारी ज्यांना यंत्र हाताळून बघायचे असेल त्यांनी वर्गानंतर थांबावे. गॉगल आणि हातमोजे आम्ही आणू.